काटा खाली आला

आमच्या घरात ॲल्युमिनियमचं एक पातेलं आहे. त्यात चहा करायला बंदी आहे, आणि ती मीच घातली आहे. त्या पातेल्यात मी ट्रकचे सेन्सर उकळते.

पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग माझं तोंड पाहून गप्प होतात. मी आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन. दिग्रसमध्ये दारव्हा रोडवर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक टेबल, वायरींची भेंडोळी आणि बाहेर उभे असलेले ट्रक-ट्रॅक्टर. गाडीची वायरिंग बाई करते हे पहिली दोन वर्षं कुणाला पचलं नाही. ड्रायव्हर यायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठी गेला?" मी म्हणायची, "मिस्त्री तुमच्या समोर उभा हाय. गाडी कुठी हाय ते सांगा." आता कुणी विचारत नाही. आता लोक पुसदहून सुद्धा गाडी घेऊन येतात. याचा मला फार गर्व होता, आणि पुढं जे घडलं ते त्या गर्वापायीच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

नवरा ट्रक चालवतो. आमचा स्वतःचा एकच ट्रक आहे, जुना पण धडधाकट, कॅबिनच्या डोक्यावर निळं निशाण लावलेला. समोर मी नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते, लिहिताना 'तो' म्हणते. लिहिताना हिंमत जरा जास्त येते. कापसाच्या हंगामात तो दिग्रसच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरतो आणि दारव्हा, बोरी अरब करत यवतमाळकडे नेतो. बोरीच्या पुढं रस्ता चढत जातो आणि भरलेली गाडी तिथं तापते. सगळ्यांच्याच तापतात, त्यात नवल काही नाही.

गाडी तापली की त्याचा एक ठरलेला सोहळा असायचा. गाडी बाजूला घ्यायची. एक गोणपाटाचं पोतं कॅनमधल्या पाण्यात भिजवायचं, समोरची जाळी उघडून रेडिएटरच्या झाकणावर टाकायचं आणि मग लिंबाखाली जाऊन बसायचं. किती वेळ? तर म्हणे, "मन भरेलोक." मन भरलं की उठायचं, पोत्यावरूनच झाकण धरायचं, तोंड पार दुसरीकडे वळवायचं आणि झाकण कणभर फिरवून थांबायचं. फुस्स आवाज संपला की मगच पूर्ण उघडायचं. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं, आणि आपल्याकडे उस्तादाचं वाक्य म्हणजे दगडावरची रेघ.

मला याचा भयंकर राग यायचा. "गाडी हाय का बाळंतीण?" मी म्हणायची. "तापाचा काटा कायले बसवला हाय मीटरमंदी? शोभेले?"

"काट्याचं काय व. काटा तं बाहेर हाय, आग अंदर हाय," तो म्हणायचा.

एका रविवारी मी त्याला चुलीसमोर पाटावर बसवलं आणि पातेल्यात पाणी ठेवलं. ट्रकचा जुना सेन्सर घेतला. दिसायला तो पितळेचा बोल्टच असतो, बोटभर लांबीचा. पण त्याच्या टोकात मोहरीएवढा एक मणी असतो. तो मणी थंड असला की विजेला अडवतो, तापत गेला की वाट मोकळी करून देतो. मी सेन्सरचं टोक पाण्यात सोडलं आणि वीज किती अडते ते मोजायला मागे मल्टिमीटर लावला. पाणी तापायला लागलं तसा आकडा घसरायला लागला. पाणी खदखदलं तेव्हा आकडा अगदी तळाला. मी पातेलं खाली उतरवलं, गार पाणी ओतलं, तसा आकडा पुन्हा वर चढला. "हाच हिशेब मीटरमधल्या काट्यापर्यंत जाते," मी म्हटलं. "मणी जितका गरम, काटा तितका वर. मणी थंड, काटा खाली. आतली आग बाहेर कळते का नाही?"

तो पातेल्यावर वाकून बघत राहिला. मला दोन-तीनदा पाणी गरम-गार करायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजे हे खरंच सांगते व." त्याच्या आवाजात माझ्याबद्दल कौतुक होतं, ते मी चांगलं ओळखलं.

"काटा खाली आला म्हंजे इंजिन थंडं," मी म्हटलं. "मंग बिनधास्त झाकण उघडा. ते पोतं फेकून द्या."

हे मी शिकवलं. हे अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला ठाऊक नव्हतं असं नाही. यवतमाळला आयटीआयमध्ये सरांनी ते फळ्यावर लिहिलं होतं आणि मी वहीत लाल शाईनं उतरवलं होतं: सेन्सर इंजिनाचा ताप सांगत नाही, तो ज्याला टेकला आहे त्याचा ताप सांगतो. पाण्यात बुडाला आहे तोवर पाण्याचा सांगतो. पाणी खाली गेलं की हवेचा. मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. पातेल्यात पाणी भरपूर होतं, आणि मला तेव्हा फक्त वादात जिंकायचं होतं.

मार्च संपत आला होता. त्या आठवड्यात ट्रकचा बझर बिघडला, म्हणजे बिघडला असं आम्हाला वाटलं. रेडिएटरला जोडलेली एक छोटी टाकी असते, तिच्यात पाणी कमी झालं की कॅबिनमध्ये बझर वाजतो. तो वाजायला लागला की दुसरं काही ऐकू येत नाही.

"चार दिवसांपासून हे टीं टीं करून राह्यलं," नवरा सकाळी दुकानापुढं गाडी लावून म्हणाला. "डोकं उठलं माहं. रोज पाणी टाकतो, घंटाभर गप बसते, पुन्हा बोंबलते. त्याले गप कर बरं."

रोज पाणी टाकतो, हे शब्द मी ऐकले. रोज टाकलेलं पाणी रोज जातं कुठं, हे मी विचारलं नाही. इंजिनाखाली वाकून पाहिलं तर जमीन कोरडी ठाक. ओघळ नाही, थेंब नाही. मी इलेक्ट्रिशियन, मला सगळे रोग वायरीतच दिसतात. म्हटलं टाकीतला सेन्सर गेला. नवा यवतमाळहून मागवावा लागणार होता आणि बाहेर एका ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या नावानं हाका मारायला सुरुवात केली होती. मी टाकीच्या सेन्सरच्या दोन्ही वायरी कापल्या, एकमेकींना पीळ घातला आणि वर टेप गुंडाळला. आता टाकीत पाणी असो नसो, गाडीला कायम वाटत राहणार की टाकी भरलेली आहे.

"घ्या," मी म्हटलं. "आता जन्मात नाही बोंबलणार."

तो खूश झाला. चहा पिऊन गेला.

दुपारी बाराच्या पुढं त्याचा फोन आला. मी त्या ट्रॅक्टरच्या हेडलाइटचं काम करत होते. दातात वायर धरून तिचं प्लास्टिक सोलत होते, म्हणून फोन खांदा आणि गालाच्या मध्ये दाबला.

"ऐक व. बोरीच्या पुढं चढावर हाय मी. काटा लालीत गेलता. गाडी बाजूले घेतली, जराक चालूच ठेवली, तं काटा आपोआप पार खाली आला. थंडी झाली वाटते. आता बंद केली गाडी. उघडू का झाकण?"

"खाली आला नं?" मी दातातल्या वायरीसकट म्हटलं. "मंग उघडा नं. कायले इचारता?"

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी प्लास्टिक थुंकलं, वायर जोडली. फोन टेबलावर ठेवताना स्क्रीनवर दिसलं की त्याचा आधीचा एक मिस्ड कॉल आहे. ट्रॅक्टर चालू होता, ऐकू आला नव्हता. काटा लालीत गेला तेव्हा त्यानं केला असणार. वेळ बघितली. दोन फोनांमध्ये सहा मिनिटांचं अंतर होतं.

सहा मिनिटं. एवढं मोठं लोखंडाचं धूड, लालीपर्यंत तापलेलं, बाराच्या उन्हात, इंजिन चालू असताना, सहा मिनिटांत थंड झालं? माझं पातेलं सहा मिनिटांत थंड होत नाही.

काटा खाली आला होता कारण सेन्सर कोरडा पडला होता. सेन्सरची जागा इंजिनाच्या डोक्यावर, जिथून गरम पाणी बाहेर पडतं तिथं असते. सगळ्यांत वरची जागा, म्हणून पाणी कमी झालं की सगळ्यांत आधी तीच उघडी पडते. तो मोहरीएवढा मणी पाण्यातून सुटून पोकळीत लोंबकळत होता आणि प्रामाणिकपणे सांगत होता की मला काही गरम लागत नाही. त्याच्या वीतभर खाली उरलेलं पाणी खदखदत होतं. ते झाकणाखाली कोंडलेलं होतं आणि मी नवऱ्याला म्हटलं होतं, उघडा नं.

पाणी कमी झाल्याचं ओरडून सांगणारा एक होता. त्याला मी सकाळी गप्प केलं होतं.

फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. चौथ्या वेळी रिंग गेली आणि मला वाटलं सुटले. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली आणि संपली. कुणी उचलला नाही. न लागणारा फोन परवडला. वाजणारा आणि कुणी न उचलणारा फोन काय असतो, ते तोवर मला माहीत नव्हतं.

माझ्या दुकानात पूर्वी एक ड्रायव्हर यायचा. गालापासून मानेपर्यंत कातडी गोळा झालेली, आणि डाव्या डोळ्यावर दुधावर येते तशी साय. एकदा वायरिंग होईस्तोवर त्यानं मला सांगितलं होतं, "झाकण होतं ताई. घाईत उघडलं. आवाजही आला नाही, नुसतं पांढरं झालं." मी तेव्हा मान हलवली आणि काम करत राहिले. आता मला तो चेहरा आठवत होता आणि त्यावर माझ्या नवऱ्याच्या मिशा दिसत होत्या.

समोरून यवतमाळची एसटी आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात केला. "अवो ताई, माहं ट्रॅक्टर!" ट्रॅक्टरवाला मागून ओरडला. दुकान सताड उघडं टाकून मी बसमध्ये चढले.

"कुठी?" कंडक्टर बाईनं विचारलं.

"बोरीच्या पुढं. जिथं ट्रक उभा हाय तिथं."

"तिथलं तिकीट नाही निंगत, बाई. बोरी म्हणा नाही तं लाडखेड म्हणा."

मी लाडखेडचं घेतलं आणि मग तिला सगळं सांगून टाकलं. भडाभडा. बझर, वायर, काटा, झाकण. तिला त्यातलं अर्धं कळलं नसेल, पण नवरा आणि उकळतं पाणी एवढं कळलं. ती पुढं जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी काही बोलली. बस जरा जोरात धावायला लागली, पण एसटी ती एसटी. प्रत्येक फाट्यावर कुणीतरी पिशवी घेऊन उभं होतं आणि प्रत्येक पिशवी चढायला वेळ लागत होता. झाकण उघडायला एक मिनिट लागतं. मला तिथं पोचायला निदान तास लागणार होता. म्हणजे जे व्हायचं ते झालेलंच होतं, मी फक्त ते बघायला चालले होते.

खिडकीशी बसून मी तो सेन्सर डोक्यात पुन्हा पुन्हा उघडत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. मणी थंड असला की वीज अडते आणि काटा खाली बसतो. पण वायर तुटली तरी वीज अडतेच, काटा खालीच बसतो. सेन्सर कोरडा पडला तरी खालीच. म्हणजे त्या काट्याचं 'थंड आहे' आणि त्याचं 'मला माहीत नाही' ही दोन्ही दिसायला अगदी सारखी असतात. इतकी वर्षं मी काटे दुरुस्त केले आणि ही गोष्ट कुणा ड्रायव्हरला सांगितली नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि माझ्या घरच्यानं तर विचारलं होतं. त्यानं फोन करून विचारलं होतं.

मग झाकणाकडे मन जायचं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखंच, वाफ कोंडून धरतं. कोंडलेलं पाणी उकळीच्याही पुढं तापतं, पण दाब आहे तोवर पाणीच राहतं. झाकण फिरलं, दाब सुटला की ते सगळं एका झटक्यात उसळून वर येतं. कुकरची शिट्टी होत असताना झाकणाला हात लावणारी बाई मी आजवर पाहिली नाही. आणि मी नवऱ्याला सांगितलं होतं, पोतं फेकून द्या.

दारव्ह्याच्या स्टँडवर बस थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. मी त्याच्या मागोमाग उतरले आणि टपरीपुढं उभी राहून ओरडले, "आज चहा नाही पेला तं मरान का?" लोक बघायला लागले. मला लाज वाटली नाही. तो बिचारा अर्धा कप तसाच ठेवून चढला. वाटेत दर दोन मिनिटांनी लावत होते तसा मी पुन्हा फोन लावला. रिंग गेली. कुणी उचलला नाही.

बोरी मागे पडलं. मी उभी राहून पुढच्या काचेतून बघायला लागले. एक ट्रक दिसला, तो वाळूचा निघाला. दुसरा उलट्या दिशेचा. मग चढावर, डाव्या हाताला, निळं निशाण दिसलं. वाऱ्यावर फडफडत होतं. गाडीवर गाठी तशाच बांधलेल्या होत्या. समोरची जाळी उघडी होती.

बस पुरती थांबायच्या आत मी उडी मारली.

ट्रकपुढं रस्त्यावर ओल होती. कडेनं वाळून गेलेली, मध्ये अजून काळपट. त्या ओलीत रेडिएटरचं झाकण पडलं होतं आणि एक चप्पल. एकच. त्याच्या उजव्या पायाची, मीच अंगठा शिवून आणलेली. मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. कॅबिनमध्ये चढून पाहिलं, रिकामी. काय करावं ते सुचेना म्हणून मी पुन्हा फोन लावला आणि माझ्या शेजारी सीटवर त्याचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर एकोणीस मिस्ड कॉल. सगळे माझे.

तेव्हा मी रडले नाही. मी पायदानावर बसले आणि मला वाटलं की आता इथून उठायचंच नाही, कारण उठलं की काहीतरी दिसेल.

कुठूनतरी पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. रस्त्याखालच्या वावरात पऱ्हाटी उभी होती, कापूस वेचून झालेली, आणि तिच्या पलीकडे विहीर. ओलीपासून त्या दिशेला धुळीत एका चपलेचे आणि एका अनवाणी पायाचे ठसे गेले होते. मी पळत सुटले. पऱ्हाटीच्या काड्या पायाला ओरखडत होत्या, ते घरी गेल्यावर कळलं.

विहिरीजवळच्या हौदाच्या काठावर तो बसला होता, माझ्याकडे पाठ करून. उजवा हात पाण्याच्या धारेखाली. शेतातली एक म्हातारी त्याचं कोपर धरून उभी होती. मी हाक मारली. मोटारीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तो वळला नाही. मला त्याची मान दिसत होती, केस दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. हौदाला वळसा घालायला दहा पावलं लागली असतील. आयुष्यात इतकं भ्याले नाही मी कधी. एक पाऊल तर मी चक्क मागे टाकलं.

मग समोर गेले.

चेहरा धड होता. दोन्ही डोळे होते, आणि ते माझ्याकडे बघत होते. उजवा हात मात्र बोटांपासून कोपरापर्यंत लालभडक, मनगटावर कातडी सुटलेली, फोड आलेले. पण डोळे होते.

"घंटाभर झाला, पाण्याखाली धरून ठेवला हात," म्हातारी मला म्हणाली. "हा बावा ऐकतच नाही. म्हणे गाडीपाशी जा लागते, बायकोचा फोन येईन."

तो माझ्याकडे असा बघत होता, जसा काही त्याच्या हातून माझी वस्तू फुटली आहे. "रागावू नोको," तो म्हणाला. दात एकमेकांवर वाजत होते. "तू म्हटलं होतं पोतं नोको म्हून. काटा खाली होता, तू उघडा म्हटलं, सारं बराबर होतं. पण सवय जात नाही व माही. टाकलंच पोतं. तोंड तिकडं केलं. जरासंच फिरवलं झाकण, तं धडकन उडालं. पोतं नसतं तं..." तो थांबला. "तुह्यावर भरोसा नाही असं नाही. राग नोको मानू."

मी हौदातून सांडलेल्या पाण्यात तशीच खाली बसले. तो माझी माफी मागत होता. माझं ऐकलं नाही म्हणून. ज्या पोत्यानं त्याचे डोळे वाचवले, त्या पोत्याबद्दल.

"काटा खोटा बोलला का व?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्याले पाणीच लागत नव्हतं. त्याले जे लागलं ते त्यानं सांगतलं. खोटं मी सांगतलं तुमाले."

"अन् तो बझर?"

"तो खरं बोलून राह्यला होता. चार दिवसांपासून."

त्यानं धारेखाली हात उलटा केला. मग म्हणाला, "मीच तं म्हटलं होतं तुले, गप कर त्याले म्हून."

"तुम्ही म्हटलं होतं. पण वायर मले समजते, तुमाले नाही समजत."

तेवढं बोलून झाल्यावर मला रडू फुटलं. म्हातारीनं मोटार बंद केली, आपलं धुतलेलं लुगडं फाडून त्याच्या हाताला सैल गुंडाळलं आणि मला म्हणाली, "रडाचं नंतर. पह्यले दवाखान्यात ने त्याले." वर आलो तर बस अजून उभी होती. आतले प्रवासी चिडले होते, आणि कंडक्टर बाई दारात उभी राहून त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात त्यांना गप्प करत होती. त्याच बसनं आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. नऊ-दहा आठवडे त्याला स्टेअरिंग धरता आलं नाही. आता त्या हातावर कोपरापर्यंत नवी, फिकट कातडी आहे, आणि ऊन लागलं की ती आधी दुखते.

पाणी जात होतं ते रेडिएटरच्या खालच्या पाइपातून. तिथली क्लिप सैल झाली होती. गाडी गार असताना एक थेंब नाही. इंजिन तापलं, दाब आला की बारीक धार, आणि ती तापलेल्या लोखंडावर पडता पडताच वाळून जायची. म्हणून माझ्या दुकानापुढची जमीन कोरडी होती. मी कापलेल्या वायरी पुन्हा जोडल्या. बझर आता वाजतो तेव्हा कुणी त्याला शिव्या देत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी तेच पातेलं दाखवते, मल्टिमीटरऐवजी गाडीचा काट्याचा मीटर जोडून. आधी सेन्सर पाण्यात बुडवून दाखवते, आणि मग उकळत्या पाण्यावर, वीतभर वर, कोरडा धरून. काटा खाली येताना दिसतो की ते हसणं थांबवतात. काहींना कंटाळा येतो. येऊ दे.

आणि गाडी निघताना पोतं मीच भिजवून देते.

भीती मात्र गेली नाही. ती नको तिथं बाहेर पडते. परवा बोरीच्या बाजारातून त्याचा फोन आला. मी कुणाच्या तरी हेडलाइटची वायर दातात धरली होती.

"ऐक व. वांगे चांगले हायेत इथं. घेऊ का?"

मी वायर थुंकली. तोंडून आधी निघालं, "थांबा."

तो थांबला. काहून, कायले, काही विचारलं नाही. मागे बाजाराचा गलका होता आणि फोनच्या तोंडाशी त्याचा श्वास ऐकू येत होता. मी डोळे मिटून सगळं एकदा तपासून पाहिलं. वांग्यांत तपासायचं ते काय असतं, पण तपासलं.

मग म्हटलं, "घ्या."